फॉरवर्ड आला, आता खरं-खोटं शोधायचं कसं? नेटवर नव्यानं आलेल्यांसाठी

ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षात दहाचं नाणं पुढे केलं की आजही कधीकधी ऐकावं लागतं, "हे नाही चालत, नोट द्या." कारण विचारलं तर सांगतात, यावर रुपयाचं चिन्ह नाही, किंवा वरच्या रेघा दहा हव्यात, यावर पंधरा आहेत. रिक्षावाल्यानं हे स्वतः रचलेलं नसतं. त्यालाही ते कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं असतं, आणि पुढचा दुकानदार आपल्याकडून नाणं घेणार नाही ही त्याची भीती खरी असते. पण नाणंही खरंच असतं, आणि ते पाच मिनिटांत तपासता येतं.

आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना फोनवर शोधायला मी मदत करते. त्यांचं टायपिंगपाशी फारसं अडत नाही. गाडी अडते ती काय शोधायचं आणि समोर आलेल्या दहा उत्तरांपैकी कुठल्यावर विश्वास ठेवायचा, इथे. म्हणून हा लेख तेवढ्यापुरताच आहे: ग्रुपवर येणारी विचित्र माहिती आणि घरातल्या-बाहेरच्या बारीकसारीक कटकटी नेटवर कशा तपासायच्या.

पहिली पायरी: हे सगळ्यात आधी कोणाला माहीत असणार?

गूगल उघडायच्या आधी हा प्रश्न स्वतःला विचारा. नाण्याची गोष्ट असेल तर रिझर्व्ह बँकेला. लोकसंख्येची असेल तर जनगणना करणाऱ्यांना. कायद्याची असेल तर कायद्याच्या मूळ मजकुरात ती सापडायला हवी. गॅस सिलिंडरची असेल तर तेल कंपनीला. ज्याला माहीत असायलाच हवं त्यानं काय लिहून ठेवलंय, हे शोधायचं. बाकी सगळे त्याच्यावरून ऐकून सांगणारे.

नाण्याचंच पुढे नेऊ. गूगलमध्ये "दहा रुपये नाणे रिझर्व्ह बँक पत्रक" असं टाका. वर बातम्या येतील, त्या आत्ता सोडून द्या. रिझर्व्ह बँकेचं स्वतःचं संकेतस्थळ शोधा; त्याच्या पत्त्यात आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन असं असतं. तिथे १७ जानेवारी २०१८ चं प्रसिद्धिपत्रक आहे. त्यात म्हटलंय की तोपर्यंत दहाची नाणी १४ वेगवेगळ्या रचनांमध्ये काढलेली आहेत आणि ती सगळी वैध आहेत. नाणी वर्षानुवर्षं वापरात राहतात, त्यामुळे जुन्या-नव्या रचना एकाच वेळी बाजारात दिसतात, हे कारणही दिलंय.

आता चिन्हाचं बघा. रुपयाचं चिन्ह सरकारनं स्वीकारलं १५ जुलै २०१० ला. दहाचं दोन धातूंचं नाणं त्याच्या आधीपासून चलनात आहे. मग त्या जुन्या नाण्यांवर हे चिन्ह असणार कसं? पत्रक मिळालं नसतं तरी दोन तारखा शेजारी ठेवल्यावर हा दावा तिथेच पडला असता. तारखा जुळवून बघायची ही सवय मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिला फारसं इंग्रजी लागत नाही आणि कुणाला विचारावंही लागत नाही.

ते पत्रक फोनमध्ये जपून ठेवा. रिक्षात वाद घालण्यापेक्षा ते शांतपणे दाखवलेलं जास्त चालतं.

दुसरी पायरी: वाक्यातला प्रत्येक शब्द वाचा

"भारतातली पहिली रेल्वे बोरीबंदर ते ठाणे धावली." ठाणेकरांना हे वाक्य पाठ असतं आणि त्याचा अभिमानही असतो. १६ एप्रिल १८५३ ही तारीख बरोबर आहे, अंतर साधारण ३४ किलोमीटर हेही बरोबर. पण कुणी ग्रुपवर "पहिली रेल्वे मद्रासला होती" असं लिहिलं की भांडण सुरू होतं. खरं तर दोघांचंही म्हणणं बरोबर असू शकतं. मद्रासजवळ रेड हिल्सहून दगड वाहण्यासाठी १८३७ मध्ये रूळ टाकले होते. रुडकीजवळ गंगेच्या कालव्यावरच्या सोलानी पुलाच्या बांधकामासाठी १८५१ मध्ये वाफेचं इंजिन माती ओढत होतं. ठाण्याचा मान आहे तो पहिल्या प्रवासी गाडीचा. "प्रवासी" हा शब्द गाळला की खरं वाक्य वादग्रस्त होतं, आणि फॉरवर्ड करताना असेच शब्द गळतात.

म्हणून दावा कागदावर उतरवून घ्या आणि त्यातले "पहिला", "सगळ्यात मोठा", "एकमेव", "जगात" असे शब्द अधोरेखित करा. नवी मुंबईबद्दल "जगातलं सगळ्यात मोठं नियोजित शहर" असं नेहमी लिहिलं जातं. सर्वांत मोठं कशात? क्षेत्रफळात की लोकसंख्येत? आणि नवी मुंबई म्हणजे नेमकी किती? हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेची स्थापना १९७० ची, आणि तिच्या प्रकल्पाचं क्षेत्र ३४४ चौरस किलोमीटर, ९५ गावांचं. त्यात खारघर आणि कळंबोलीही येतात. नवी मुंबई महानगरपालिकेची हद्द त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. कुठली मोजपट्टी धरली ते दावा करणाऱ्यानं सांगितलेलं नसेल, तर तो दावा खरा की खोटा हे ठरवता येत नाही, आणि पुढे पाठवण्यासारखाही तो नसतो.

काही वाक्यं एकेकाळी खरी होती, पण आता नाहीत. "ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा" हे २०११ च्या जनगणनेत खरं होतं. आकडा होता १,१०,६०,१४८. पण १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आज ते वाक्य आहे तसं लिहिणं चूक. स्पर्धा परीक्षेच्या जुन्या पुस्तकांतून आणि त्यांच्यावरून बनवलेल्या प्रश्नमंजूषांतून अशी वाक्यं मुलांपर्यंत पोचतात, तेव्हा घरात कुणी परीक्षेला बसत असेल तर याकडे जास्त लक्ष द्या.

तिसरी पायरी: शोधपट्टीत काय लिहायचं

संबंध फॉरवर्ड चिकटवू नका. त्यातली दोन-तीन न बदलणारी नावं घ्या: संस्थेचं नाव, वस्तूचं नाव, वर्ष. आधी मराठीत शोधा, मग तेच इंग्रजीत. टायपिंग जड जात असेल तर कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून बोला. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडलेली असली की ते मराठी व्यवस्थित घेतं.

तीन युक्त्या शिकून घ्या, बहुतेक कामं त्यांच्यावर भागतात. एक, एखादं वाक्य जसंच्या तसं शोधायचं असेल तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. तेच वाक्य शब्द न बदलता पंधरा साइटवर सापडलं, तर समजा की एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी उचललं. पंधरा ठिकाणी आहे म्हणून ते पंधरा पट खरं होत नाही. दोन, एखाद्याच संकेतस्थळात शोधायचं असेल तर इंग्रजीत साइट हा शब्द, लगेच कोलन, आणि जागा न सोडता त्या संकेतस्थळाचा पत्ता लिहा. पत्त्याच्या जागी नुसतं जीओव्ही डॉट इन टाकलं तर सरकारी पानंच येतात. तीन, निकालांवरच्या "टूल्स" मध्ये जाऊन काळ निवडा. एखादी "ताजी" बातमी पाच वर्षांपूर्वीच्या निकालांतही दिसली, तर ती ताजी नाही.

निकालांत "प्रायोजित" असं लिहिलेलं असतं ती जाहिरात. आणि हल्ली सगळ्यात वर एआयनं तयार केलेला सारांश येतो. तो वाचायला सोपा असतो म्हणून तिथेच थांबायचा मोह होतो. थांबू नका. त्याच्या बाजूला दिलेले दुवे उघडा आणि ती गोष्ट मूळ पानावर खरंच आहे का ते डोळ्यांनी बघा. सारांशात पालघर वेगळं झाल्याचं गळलेलं असू शकतं, "प्रवासी" हा शब्दही गळलेला असू शकतो.

विकिपीडिया वाचायला हरकत नाही, पण लेखाच्या तळाशी संदर्भांची यादी असते, आपलं खरं काम तिथे. मराठीत विश्वकोशही नेटवर मोफत वाचता येतो; विज्ञानातल्या मूळ संकल्पनांसाठी मला तो फार उपयोगी वाटतो. फिरणारा दावा आधीच कुणी तपासलाय का हे बघायचं असेल तर केंद्र सरकारच्या योजनांबाबत पीआयबी फॅक्ट चेक आहे (पीआयबी म्हणजे सरकारचं पत्र सूचना कार्यालय), आणि मराठीत फॅक्ट क्रेसेंडो या दावे तपासणाऱ्या संकेतस्थळाचं पान आहे.

चौथी पायरी: वस्तू घरात असेल तर आधी ती हातात घ्या

टूथपेस्टच्या ट्यूबच्या टोकाला रंगीत चौकोन असतो. हिरवा म्हणजे नैसर्गिक, निळा म्हणजे नैसर्गिक अधिक औषध, लाल म्हणजे नैसर्गिक आणि रासायनिक, काळा म्हणजे निव्वळ रसायन, असा फॉरवर्ड तुम्हाला नक्की आलेला असणार. आता स्वयंपाकघरात जा. बिस्किटाच्या पुड्याची कड बघा, वेफर्सचं पाकीट उलटं करा, मसाल्याच्या पुडीची शिवण बघा. तिथेही तसेच चौकोन किंवा आडव्या पट्ट्या दिसतील. बिस्किटाच्या कागदावर पेस्टमधल्या रसायनाची खूण कशाला असेल? तो चौकोन पॅकिंगच्या मशीनसाठी असतो. मशीनमधला प्रकाशावर चालणारा सेन्सर ती खूण ओळखतो आणि ट्यूब किंवा कागद नेमका कुठे कापायचा, कुठे दुमडायचा ते मशीनला कळतं. मागच्या रंगापेक्षा उठून दिसेल असा कुठलाही रंग त्याला चालतो. पेस्टमध्ये काय आहे ते जाणायचं असेल तर खोक्यावर घटकांची यादी छापलेली असते, ती वाचा.

गॅस सिलिंडरचं जरा नीट सांगते, कारण ते सुरक्षेशी जोडलेलं आहे. सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. त्यांतल्या एकीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन अंक रंगवलेले असतात. अक्षर ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. अंक म्हणजे वर्ष. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर असतो. पुढे मात्र तो म्हणतो, "ही एक्स्पायरी आहे, तारीख गेली की सिलिंडर म्हणजे बॉम्ब." ती एक्स्पायरीची तारीख नव्हे. सिलिंडरची सक्तीची तपासणी त्या तिमाहीत व्हायला हवी, एवढाच तिचा अर्थ. तरीही ती वाचायला शिका. डिलिव्हरीवाला दारात असतानाच पट्टी बघा, तारीख उलटून गेलेली असेल तर तो सिलिंडर परत करून दुसरा मागा. घाबरायचं कारण नाही, मागायचा हक्क मात्र आहे. आणि गॅसचा वास आला तर नेटवर काहीही शोधत बसू नका: रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका, बाहेर जा आणि तिथून गॅसगळतीसाठीच्या १९०६ या हेल्पलाइनला फोन करा.

बारकोडचंही असंच. सुरुवातीला ८९० आलं म्हणजे वस्तू भारतात बनली, असं सांगतात. ८९० वरून फक्त एवढंच कळतं की कंपनीनं तो क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय. माल कुठे बनला ते पाकिटावर वेगळं लिहिलेलं असतं.

कायद्याचं नाव घातलेले फॉरवर्ड

कायद्याचं नाव आणि साल दिसलं की माणूस लगेच विश्वास ठेवतो. "१८६७ च्या सराय कायद्यानुसार कुठल्याही हॉटेलात, अगदी पंचतारांकित हॉटेलातही, फुकट पाणी प्यायचा आणि शौचालय वापरायचा तुम्हाला हक्क आहे" हा असाच एक. सराय म्हणजे प्रवाशांनी उतरायची धर्मशाळेसारखी जागा. त्या नावाचा कायदा खरोखर झालेला आहे, म्हणून हा फॉरवर्ड इतकी वर्षं टिकलाय.

कायद्याचा मूळ इंग्रजी मजकूर नेटवर मिळतो आणि तो छोटाच आहे. पान उघडा, ब्राउझरमधल्या तीन टिंबांवर दाबा, "पेजमध्ये शोधा" निवडा आणि पाण्याचा इंग्रजी शब्द टाका. पाण्याचा उल्लेख सापडतो तो सराय चालवणाऱ्याच्या कर्तव्यांत: खोल्या, पडव्या, गटारं साफ ठेवायची, आणि उतरलेल्या माणसांना व जनावरांना जिथून पाणी मिळतं त्या विहिरी, तळी स्वच्छ ठेवायची. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही फुकट पाणी द्यावं असं त्यात नाही. पुष्कळ हॉटेलं मागितल्यावर पाणी देतात ते माणुसकीनं, आणि तहान लागली असेल तर जरूर मागावं. पण वेटरला कायदा ऐकवायला जाऊ नका.

उलट, जो हक्क खरंच आहे तो लोकांना माहीत नसतो. सीलबंद बाटलीवरची एमआरपी सगळे कर धरून असते. थंड करून दिली म्हणून दुकानदारानं दोन रुपये जास्त घेणं नियमाला धरून नाही. त्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर करता येते.

"युनेस्कोनं आपल्या राष्ट्रगीताला जगात सर्वोत्तम ठरवलं" यालाही हीच कसोटी लावा. युनेस्को राष्ट्रगीतांची अशी स्पर्धाच घेत नाही. राष्ट्रगीताबद्दल वाटणाऱ्या आदराला असल्या प्रमाणपत्राची गरजही नाही.

फोटो आणि व्हिडिओ

घोडबंदर रोड, येऊर, वर्तकनगर या बाजूला राहणाऱ्यांना बिबट्याचे व्हिडिओ वारंवार येतात. इथे अवघड हे की बिबट्या खरंच येऊ शकतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शेजारीच आहे, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तर ठाण्यातल्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला होता. म्हणून "असं कसं होईल" म्हणून उडवून लावता येत नाही आणि "आपल्याच सोसायटीतला आहे" म्हणून मुलांना घाबरवणंही बरोबर नाही.

असं करा. व्हिडिओ थांबवून स्पष्ट दिसणाऱ्या दृश्याचा स्क्रीनशॉट घ्या. तो गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोधणाऱ्या गूगलच्या सोयीत, टाका. हेच दृश्य आधी कुठे, कोणत्या तारखेला आलंय ते दिसेल. काही सापडलं नाही तर दृश्यातले तपशील वाचा: गाड्यांच्या नंबरप्लेटवर एमएच ०४ किंवा एमएच ४३ आहे की दुसऱ्या राज्याची अक्षरं आहेत, दुकानाची पाटी कोणत्या लिपीत आहे, कुणी बोलत असेल तर कुठल्या भाषेत. पावसाळ्यात आलेल्या व्हिडिओत जमीन कोरडी ठणठणीत असेल तर तोही पुरावाच. आणि खरंच बिबट्या दिसला असेल तर वन विभागाची हेल्पलाइन आहे १९२६. आधी तिथे कळवा, व्हिडिओ काढायला खाली उतरू नका.

दरवर्षी दिवाळीला येणारा "नासानं टिपलेला झगमगता भारत" तर आता ओळखीचा व्हायला हवा. तो एका रात्रीचा फोटो नाही. अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञानं वेगवेगळ्या वर्षांतली उपग्रहांची निरीक्षणं एकत्र करून, दिव्यांची वाढ कळावी म्हणून रंग भरून तो नकाशा बनवला: पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. दिवाळीचा त्याच्याशी संबंध नाही.

छोट्या कटकटी: कारण लिहू नका, दिसतंय ते लिहा

घरातल्या त्रासाबद्दल शोधताना बहुतेक जण आपला निष्कर्षच शोधपट्टीत लिहितात. जुलैत मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसतो, मीठ ओलसर गोळा होतं. कुणी लिहितं "मिठात भेसळ कशी ओळखावी". मग उत्तरंही भेसळीचीच येतात आणि डोक्यातला संशय पक्का होतो. त्याऐवजी "पावसाळ्यात मीठ ओले होते" असं लिहा. मग कळतं की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठही हवेतलं पाणी ओढून घेतं. मॅग्नेशियम क्लोराइडसारखे क्षार त्यात थोडे असले तर ते त्याहून कमी आर्द्रतेतही ओलावतं. पावसाळ्यातली ठाण्याची हवा ही मर्यादा सहज ओलांडते. पटत नसेल तर दोन वाट्यांत मीठ घ्या, एक उघडी ठेवा, दुसरी घट्ट झाकणाच्या डब्यात. सकाळी उत्तर समोर असेल.

पावसात फोन भिजला की सगळे सांगतात तांदळात ठेव. इथेही पहिली पायरी लावा: सगळ्यात आधी कोणाला माहीत असणार? फोन बनवणाऱ्याला. ॲपलनं आपल्या मदतीच्या पानावर तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलंय, कारण तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं. चार्जिंगचं तोंड खाली करून फोन हातावर हलका आपटायचा, हवा खेळती असेल अशा कोरड्या जागी ठेवायचा, हेअर ड्रायर लावायचा नाही, तोंडात कापूस घालायचा नाही आणि किमान अर्धा तास तरी चार्जिंगला लावायचा नाही, असं ते सांगतात. तुमचा फोन दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्या कंपनीचं पान बघा.

नको असलेल्या कॉलचा त्रास कमी करायचा असेल तर १९०९ या क्रमांकाला इंग्रजीत स्टार्ट, एक जागा सोडून शून्य, असा मेसेज पाठवा. जाहिरातीचे कॉल १४० नं सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत असा नियम आहे, आणि बँकांच्या व सरकारी सेवांच्या कॉलसाठी १६०० ची मालिका ठेवली आहे. दहा आकडी साध्या मोबाइलवरून "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याला त्यामुळे लगेच ओळखता येतं.

तक्रार कुणाकडे, आणि नंबर कुठून घ्यायचा

आपल्या भागात हा घोळ फार होतो. पत्त्यात नवी मुंबई असलं तरी खारघर, कामोठे, कळंबोली हे भाग २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहेत. तिथल्या कचऱ्याची तक्रार नवी मुंबई महापालिकेच्या ॲपवर टाकून उपयोग नाही. ठाण्यात बहुतेक ठिकाणी वीज महावितरणची, पण कळवा-मुंब्रा-शीळ भागात वितरण टोरंट पॉवरकडे. शंका असेल तर नेट बाजूला ठेवा आणि मालमत्ता कराचं आणि विजेचं बिल काढा. त्यावर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे तक्रार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे वाचून बाकी विसरलात तरी चालेल. कुरिअर, गॅस, बँक, फ्रिजची दुरुस्ती, कशाचाही कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधून वर दिसेल त्याला फोन करू नका. फसवणारे लोक जाहिरातींत, नकाशावरच्या नोंदींत, बनावट पानांवर आपले नंबर पेरून ठेवतात. तुम्ही त्रासलेले असता, स्वतःहून फोन करता, त्यामुळे संशय येत नाही. नंबर घ्यायचा तो बिलावरून, कार्डाच्या मागच्या बाजूवरून, वस्तूच्या खोक्यावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून. समोरचा ओटीपी मागू लागला, स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला सांगू लागला किंवा "पडताळणीसाठी फक्त दहा रुपये पाठवा" म्हणाला, तर बोलणं तिथेच तोडा. पैसे गेलेच तर एक मिनिटही न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

जुन्या ठाण्याबद्दलच्या गोष्टी

मासुंदा तलाव, कोपिनेश्वराचं देऊळ, खाडी, किल्ला यांच्याबद्दल बऱ्याच कहाण्या फिरतात. यांच्यासाठी १८८२ साली छापलेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, आहे: बॉम्बे प्रेसिडेन्सी मालिकेतला १३ वा खंड, आणि गावोगावच्या ठिकाणांचा १४ वा. इंटरनेट अर्काइव्हवर ते पानापानानं वाचता येतं. शोधताना ठाण्याचं जुनं इंग्रजी स्पेलिंग वापरा, शेवटी ई ऐवजी ए. आणि लक्षात ठेवा, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात साष्टीही होती, म्हणजे मुंबईची आजची उपनगरंही. तिथले आकडे आजच्या जिल्ह्याला लावता येत नाहीत. नेटवर नाहीच मिळालं तर १८९३ पासून ठाण्यात उभं असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथे जाऊन पुस्तक मागणं हाही शोधच.

सापडलं, आता ग्रुपवर काय लिहायचं?

व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दोन बाण दिसले तर तो खूप वेळा फिरून आलाय. तरी पाठवणाऱ्याला सगळ्यांसमोर खोटं पाडू नका. आपल्याकडे काका-मामांनी पाठवलेलं चारचौघांत खोडून काढलं की विषय माहितीचा राहत नाही, मानाचा होतो. आधी एकट्यांना लिहा: "काका, सिलिंडरचं तुम्ही पाठवलंत त्यातलं अक्षर आणि वर्षाचं बरोबर आहे. पण ती तपासणीची तारीख आहे, एक्स्पायरीची नाही. दुवा सोबत पाठवते, तुम्हीच ग्रुपवर टाकाल का?" बहुतेक वेळा काका स्वतःच टाकतात, आणि त्यांनी टाकलेलं लोक जास्त वाचतात.

उत्तरात तीन गोष्टी असू द्या: दाव्यातलं खरं काय, चुकीचं काय आणि मूळ पानाचा दुवा त्याच्या तारखेसह. मग आपला तो मेसेज दाबून धरून स्टार करा. तोच फॉरवर्ड काही महिन्यांनी दुसऱ्या ग्रुपवर परत येतो, तेव्हा पुन्हा शोधत बसावं लागत नाही.